फुली तिथे शाल

गणिताचे प्राध्यापक राजानंद हिवराळे यांनी परिषदेच्या आदल्या दिवशी एक चूक केली. त्यांनी आपला विषय प्राचार्यांना नीट समजावून सांगितला.

विषयाचं नाव फॉर्मल कन्सेप्ट अ‍ॅनालिसिस. जालन्यातल्या त्यांच्या कॉलेजात या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरत होती. आंतरराष्ट्रीय एवढ्यासाठी, की चेक देशातून डॉ. हाना नावाच्या बाई येणार होत्या. बाकीचं जग परतूर, अंबड, मंठा या भागातून यायचं होतं. प्राचार्य पुंजाराम डोईफोडे मराठीचे. उद्घाटनात चार वाक्यं बोलता यावीत म्हणून त्यांनी राजानंदला केबिनमध्ये बसवून घेतलं.

"सोपं आहे, सर," राजानंद म्हणाला. "तक्त्यात उभ्या बाजूला वस्तू, आडव्या बाजूला गुण. ज्या वस्तूत जो गुण, तिथे फुली. आता समजा, दोन वस्तू उचलल्या. दोघींत सारखं काय ते बघायचं. तेच गुण आणखी कुणात असले, तर त्यालाही त्या गटात घ्यावं लागतं."

"आणि न्हाईच घेतलं तर?"

"चालत नाही. शास्त्रच तसं आहे."

"म्हंजी कुणाला वगळायची सोयच न्हाई," प्राचार्य म्हणाले आणि खुशीत आले. राजानंदला तिथेच खटकायला हवं होतं. पण त्याचा जीव स्वतःच्या पेपरात अडकला होता. कपाशीच्या वाणांवर पाच वर्षं घासून लिहिलेला पेपर. सकाळच्या सत्रात सगळ्यांत शेवटी त्याचा नंबर होता, आणि जेवणानंतर सभागृह एका बियाणे कंपनीच्या विक्रेता मेळाव्याला दिलेलं होतं, त्यामुळे उशीर झाला तर पेपर गेलाच म्हणायचा. त्यात शहागडहून त्याचे वडील तातेराव खास ऐकायला आले होते. पोरगा कॉलेजात नेमकं काय करतो, हे त्यांना एकदा स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

म्हणून राजानंदने कार्यक्रम कसा आवळून बसवला होता. सत्कार एकच, हानाबाईंचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो झालाही झकास. बाईंनी शाल अंगावर घेतली, नमस्कार केला, टाळ्या झाल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या दीपमाला मॅडम पुढचं नाव पुकारणार, तेवढ्यात प्राचार्यांनी माईक आपल्याकडे ओढला.

"बाईंचा सत्कार आपण का केला? तर त्या दुरून आल्या. आता आपले संचालक वसंतराव परतूरहून आलेत. ते दूर न्हाई का?"

प्रोजेक्टरजवळच्या खुर्चीवरून राजानंद कुजबुजला, "सर, परतूर तासाभरावर आहे."

"हिवराळे, तक्त्यात फुली असती न्हाई तर नसती. थोडी फुली असती का?"

नसते. शास्त्रच तसं होतं. वसंतरावांना शाल मिळाली. मग अंबडवाले हलले, मंठ्याचे दोघे खाकरले, आणि बाहेरगावचा एकेक माणूस आपला गुण घेऊन स्टेजवर चढू लागला. एकाने तर आपण लांबचा वळसा घेऊन आल्याचं सांगितलं, म्हणजे दूरपणाला जरा वजन यावं. राजानंदने अर्ध्या तासाच्या पेपरातून प्रस्तावना काढून टाकली.

कॉलेजच्या कपाटातल्या शाली संपल्या. नवीन जालन्यातल्या जीशानच्या दुकानाला फोन गेला. तोवर वनस्पतीशास्त्राच्या शिवकन्या मॅडमनी हातातला पुष्पगुच्छांचा ट्रे टेबलावर आपटला.

"सकाळपासून उभी राहून गुच्छ देऊन राह्यले. गावातली म्हणून माझा काई गुन्हा हाय का?"

प्राचार्य विचारात पडले आणि लगेच बाहेर आले. "बराबर हाय. परिषदेसाठी उभे राह्यले, हा दुसरा गुण."

मॅडमचा सत्कार झाला. पण मागच्या भिंतीला पंचवीस-तीस पोरं खुर्च्या कमी पडल्या म्हणून उभीच होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्या रांगेतले तीन प्राध्यापक, ज्यांना अजून काहीच मिळालं नव्हतं, ते सहज पाय मोकळे करायला म्हणून उठले आणि उठलेलेच राहिले.

एवढ्यात जीशान शालींचं गाठोडं घेऊन दारात आला. वाट काढायला म्हणून क्षणभर थांबला, म्हणजे उभा राहिला. दीपमाला मॅडमनी त्याचं नाव पुकारलं आणि प्राचार्यांनी त्याच्याच गाठोड्यातली शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली.

"सर, ये तो मेरीच दुकान की है," जीशान म्हणाला.

"मंग मापात बसंल. नमस्कार करा."

राजानंदने पेपरातले तक्ते काढले. मग संदर्भ काढले. हानाबाईंनी आपलं बीजभाषण वेळेअभावी छापील वाचून घ्या म्हणून सांगितलं. त्या आता टाळ्यांचा ठेका धरून बसल्या होत्या. तातेराव तर शहागडहून आलेले आणि जागा एका म्हाताऱ्या बाईंना देऊन उभेही राहिलेले, म्हणून त्यांना दोन फुल्या, दोन शाली. दोन्ही अंगावर घेऊन ते घामाघूम होऊन बसले, पण एकही खाली ठेवायला तयार झाले नाहीत.

जेवणाची वेळ उलटून गेली आणि दारात बियाणे विक्रेते गोळा झाले. त्यांच्या मॅनेजरने आत डोकावून घड्याळ दाखवलं.

"पाच मिनिटं," राजानंदने हात जोडले. पेपरात आता शीर्षक आणि निष्कर्ष एवढंच उरलं होतं. तो धावत माईकपाशी गेला. "सन्माननीय व्यासपीठ," एवढं म्हणाला, आणि हानाबाई उठल्या.

"माफ करा," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "पण या सभागृहात शाल नसलेला एकच माणूस आहे." आणि त्यांनी राजानंदकडे बोट केलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. खरंच होतं. राजानंद राहायला गावातच, आणि सकाळपासून प्रोजेक्टरजवळ बसलेला; आत्ता उभा होता तोही परिषदेसाठी नाही, स्वतःच्या पेपरासाठी. तक्त्यात त्याची ओळ कोरी होती.

"एकही फुली न्हाई," प्राचार्य घाबरे होऊन पुटपुटले. "हिवराळे, तुमच्यात गुणच न्हाई असं धरून तुमचा सत्कार केला, तर त्या गटात कोण येतं?"

राजानंद खोटं बोलू शकला असता. पण समोर चेक देशातल्या तज्ज्ञ बाई होत्या. "गुणाची अटच नाही म्हटल्यावर सगळेच येतात, सर."

"म्हंजी सगळ्यांचा पुन्हा?"

मॅनेजरने कपाळावर हात मारला. तेव्हा तातेराव उठले. आपल्या दोन शालींतली वरची काढली, स्टेजवर आले आणि मुलाच्या खांद्यावर नीट पसरली. गाठोडं रिकामं झालेलं होतं, म्हणून शास्त्र तिथेच थांबलं.

"दोन शब्द बोला," दीपमाला मॅडमनी माईक दिला. राजानंदने हात पुढे केला, पण माईक त्याला नव्हता. तो तातेरावांना होता.

तातेरावांनी घसा साफ केला. "गावात इचारत्यात, पोरगा काय करतो. मी म्हणायचो, गणित शिकवतो. मला वाटायचं, ते आपल्याला काई कळायचं न्हाई. आज बसून पाह्यलं. माणसं धरायची, त्यांच्यात काय चांगलं हाय ते हुडकायचं, आणि एकाला बी सोडायचं न्हाई. येवढं शिकला म्हंजी आमचं भागलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्यातच विक्रेते आत शिरले. निष्कर्षाचा कागद राजानंदच्या हातातच राहिला.

जेवणाच्या रांगेत तातेराव त्याच्या कानाशी लागले. "राजा, एक इचारू? तुझा तो पेपर का काय, तो कव्हा वाचणार हाईस?"

राजानंदने वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो पाच वर्षांत पाहिला नव्हता इतका खुश होता.

"झाला की, दादा," तो म्हणाला. "तुम्हीच वाचला."