कवळीची डबी

मजबुतीशी तडजोड नाही, हे वाक्य माणसाने आयुष्यात एकदा तरी छातीवर हात ठेवून म्हणावं. जावयाने ते कारखान्यात म्हटलं होतं. भोगलं सासऱ्यांनी.

जावई प्लॅस्टिकच्या वस्तू डिझाइन करायचा. प्लॅस्टिकची पट्टी यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढायची आणि कितीला तुटली ते लिहायचं, असे प्रयोगशाळेचे चोख आकडे घेऊन त्याने एका डबीची क्लिप बेतली. मग सुरक्षितता म्हणून दुप्पट जाड केली. साहेबांनी आपली भर म्हणून आणखी दुप्पट केली. पहिला नमुना त्याने कौतुकाने सासऱ्यांना दिला. त्यांनी तितक्याच कौतुकाने रात्री त्यात कवळी ठेवून टक् करून झाकण लावलं.

सकाळी ते उघडेना. आणि संध्याकाळी निवृत्त शिक्षक मंडळाच्या अध्यक्षाची निवड, त्यात सासरे उमेदवार, आणि मतदानाआधी भाषणं. समोरच्या उमेदवाराचे सगळे दात स्वतःचे होते आणि तो ते दाखवत हिंडत होता.

"अहो, उघडा की!" जावयाची बायको म्हणाली.

"उघडतो गं. स्क्रूड्रायव्हर दे."

स्क्रूड्रायव्हर वाकला. हातोडीने ओट्याचा कोपरा उडाला. डबीवर ओरखडा नाही.

"तुम्ही हसताय?"

"छे! पण क्लिप बघ ना काय झालीये!"

दातांविना सासरे जे बोलले त्यातलं 'जावई' एवढंच कळलं. तेवढं पुरेसं होतं.

शेवटी तिघं प्रयोगशाळेत गेले. तिथल्या बाईंनी झाकण यंत्राच्या वरच्या जबड्यात, डबी खालच्या जबड्यात पकडली आणि यंत्र सुरू केलं. पडद्यावरचा आकडा चढू लागला. सासरे खुर्चीच्या कडेवर आले.

"तुमच्या हिशेबाने क्लिप कितीला तुटायला हवी?" बाईंनी विचारलं.

जावयाने आकडा सांगितला. क्लिप तिथेच तुटली. अगदी तिथेच!

"मानलं बाई तुम्हाला!" बायको नवऱ्याला पहिल्यांदाच म्हणाली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी तर उठून जावयाला मिठी मारली. बोळक्या तोंडानेही अभिमान स्पष्ट उच्चारता येतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

मग सगळ्यांनी खाली पाहिलं. झटक्यासरशी उडालेली कवळी यंत्राच्या पायाशी दोन तुकड्यांत पडली होती. तीही प्लॅस्टिकचीच. तिचा आकडा कोणी काढला नव्हता.

संध्याकाळी समोरचा उमेदवार निवडून आला.