प्रतिक्षाची गोपनीयता आमच्या गावाने कशी राखली

बालकांची गोपनीयता ही राष्ट्राची संपत्ती होय. आणि राष्ट्राची संपत्ती कोणी एकाने घरात दडवून ठेवणे बरे नव्हे, म्हणून साकोली-सानगडी रस्त्यावरच्या आमच्या गावाने ती चौकात आणली.

त्यासाठी ‘बाल आंतरजाल संरक्षण समिती’ स्थापन झाली. अध्यक्ष परसरामजी, निवृत्त पोस्टमन. गोपनीयतेचा त्यांना दांडगा अनुभव. उभ्या नोकरीत त्यांनी एकही पोस्टकार्ड वाचल्यावाचून पोचवले नाही, आणि वाचलेले कधी संध्याकाळच्या आत कोणाला सांगितले नाही. मीही सदस्य होतो (पात्रता : त्या वेळी रिकामा होतो). समितीत एखादे लेकरूही घ्यावे, अशी सूचना आली होती. पण सभा शाळेच्या वेळेतच असल्यामुळे ती आपोआप निकालात निघाली.

पहिल्याच सभेत जगातल्या सर्व इंटरनेट कंपन्यांना शिस्त लावण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. प्रत कुठे पाठवायची ते कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून ती ग्रामपंचायतीच्या दाराला चिकटवली. आजवर एकाही कंपनीने हरकत घेतलेली नाही.

मग जनजागृती. मंडईतल्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, नाटकांची जाहिरात करणारा भोंग्याचा ऑटो मोकळाच होता. लोकांना उदाहरणाशिवाय कळत नाही, म्हणून राइस मिलमध्ये कामाला असलेल्या जीवनची बारा वर्षांची मुलगी प्रतिक्षा हिला उदाहरण नेमले. नाटकात खलनायक करणाऱ्या गुलाबच्या आवाजात आठवडाभर गल्लोगल्ली घोषणा झाली : “सावधान! कुमारी प्रतिक्षा जीवन, इयत्ता सातवी, जन्म नऊ ऑगस्ट दोन हजार तेरा, वडिलांचा मोबाईल क्रमांक अमुक अमुक. ही माहिती कृपया कोणालाही सांगू नये.”

निकाल शंभर टक्के लागला. ही माहिती कोणीही कोणाला सांगितली नाही. सांगायला, न ऐकलेला कोणी उरलाच नव्हता.

त्यानंतर ‘गावकट्टा’ नावाच्या ॲपवर समितीचा ग्रुप निघाला. ग्रुपच्या माथ्यावर प्रतिक्षाचा फोटो लागला. तो जीवनने हौसेने दिला होता : उवांपायी डोक्याचा गोटा केलेला, आंब्याने माखलेले तोंड. खाली अक्षरे, ‘सुरक्षित बालिका’. शाळेत तिला त्याच नावाने हाका सुरू झाल्या. ती परसरामजींकडे गेली.

“आबाजी, तो फोटो डिलीट करा ना. पोट्टे मले चिडवून राहिले.”

“बेटा, तुह्याच सुरक्षेसाठी लावला. तुले सुरक्षा नाही पायजे का?”

घरी आजी मंगलाबाईंनी समजूत घातली. “रडतं कायले? केस त आले ना आता.” (फोटोतले आले नव्हते.)

समिती इकडे थांबायला तयार नव्हती. इंटरनेटवर खरी जन्मतारीख देणे धोक्याचे, तेव्हा सर्व सदस्यांनी ॲपवर दुसरीच तारीख भरावी, असा नियम झाला. परंतु खोटी तारीख लक्षात राहत नाही, ही उतारवयातली अडचण. तेव्हा प्रत्येकाने, दुसऱ्याला न विचारता, जी तोंडपाठ होती ती भरली. ॲपने लगेच पालकाचा मोबाईल क्रमांक विचारला. तोही पाठच होता.

आणि नेमकी त्याच आठवड्यात ॲपच्या कंपनीला शिस्त लागली. (ठरावाचा परिणाम, असे परसरामजींचे मत आहे.) अठराच्या आतल्या सर्वांची खाती पालकांच्या परवानगीपर्यंत बंद झाली. भर दुपारी अध्यक्षांच्या मोबाईलवर एक ससा प्रकटला आणि म्हणाला, ‘बाळा, आता पुरे. बाहेर जाऊन खेळ.’ घरोघरी ससे निघाले. नऊ ऑगस्टला जन्मलेली सगळी समिती चष्मे सांभाळत चौकात जमली.

“झालं. आता लगोऱ्या कोण मांडते?” गुलाबने विचारले.

परवानगीचे अर्ज जीवनच्या मोबाईलवर गेले होते. जीवन मिलवर होता. मोबाईल घरी, संध्याकाळी शाळेतून आलेल्या प्रतिक्षाच्या हातात. समिती तिच्या ओसरीसमोर ओळीने उभी राहिली. रांगेत मंगलाबाईही होत्या; तीच तारीख त्यांनीही भरली होती, आणि ॲपवरची त्यांची भजनाची मंडळी सशाने अडवली होती.

“बेटा, तेवढं ‘हो’ दाबून दे ना,” परसरामजी म्हणाले. “ससा जाऊनच नाही राहिला.”

प्रतिक्षाने सगळे अर्ज सावकाश वाचले. “आबाजी, तुमच्याच सुरक्षेसाठी आला तो. तुमाले सुरक्षा नाही पायजे का?”

समितीत चुळबूळ झाली. सुरक्षा हवी, पण एवढी नको, असे बहुमत पडले.

“पयले तुमाले एकट्याले सोडते,” ती म्हणाली. “तो फोटो काढून टाका. मंग बाकीचे.”

परसरामजींनी तिच्यासमोर फोटो मिटवला. तिने मान डोलावली, आणि एकेक सदस्य रांगेने सज्ञान झाला. मंगलाबाईंना मात्र तिने शेवटी ठेवले, आणि आधी विचारले, “आजी, कायले रडतं?”

सुज्ञ वाचक आमच्या समितीला हसले असतील, आणि ते योग्यच आहे. फक्त एवढे करा : घरातल्या ज्या लेकराचा बादलीत बसलेला फोटो तुम्ही सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आहे, तो, मोबाईल हातात आहेच, तर तेवढा मिटवा.