शिवम्माच्या टॅबची फाईल

राजशेखर हत्तुरे यांची एक गोष्ट मान्य करायलाच हवी. एकतीस वर्षं त्यांनी सरकारी कचेरीच्या भांडार शाखेत काढली, पण त्यांच्या सहीनं एकही अनावश्यक वस्तू खरेदी झाली नाही. आवश्यक वस्तूही फारशा झाल्या नाहीत, तो भाग वेगळा. एकदा साहेबांनी बारा खुर्च्या मागितल्या. हत्तुऱ्यांनी तीन दुकानांचे दर मागवले, तक्ता केला, जागेची पाहणी केली, फाईल वर पाठवली, खाली आणली, पुन्हा वर पाठवली. चार वर्षांनी खुर्च्या आल्या तेव्हा बसणारे साहेब निवृत्त झाले होते. पण लेखापरीक्षणात एकही आक्षेप निघाला नाही, आणि ही हकीकत हत्तुरे आजही पाहुण्याचा चहा संपेपर्यंत सांगतात. चहा लवकर संपला तर दुसरा मागवतात.

आता ते निवृत्त होऊन तीन वर्षं झालीत. जुळे सोलापुरात बैठं घर, घरात ते आणि शिवम्मा. मुलगा गुरु बायको-मुलीसह कॅनडात. दर रविवारी संध्याकाळी सातला गुरुचा व्हिडिओ कॉल यायचा आणि हत्तुरे तो आढावा बैठकीसारखा चालवायचे. आधी हवामान, मग गुरुची नोकरी, मग सहा वर्षांच्या नातीची शाळेतली हजेरी. "भार्गवी, बाराचा पाढा म्हण बघू." भार्गवी 'बारा त्रिक छत्तीस'पर्यंत यायची आणि टेबलाखाली जायची. शेवटच्या मिनिटाला हत्तुरे फोन बायकोकडे वळवायचे. "तुला काही विचारायचं असेल तर आटप." शिवम्मा विचारायच्या, "खाल्लीस का गं बाळ?" तोवर तिकडे खुर्ची रिकामी झालेली असायची.

अशाच एका रविवारी बैठक संपता संपता गुरु म्हणाला, "अप्पा, अव्वासाठी एक टॅब मागवतोय. एका डोळ्याचं ऑपरेशन अजून राहिलंय, त्या एवढ्याशा फोनवर तिला भार्गवीचा चेहरा धड दिसत नाही. फक्त एक सांगा, सिमवाला घेऊ की नुसता वायफायचा? पुढच्या रविवारपर्यंत सवलत आहे."

"दोन्हीत फरक काय?"

"वायफायचा घरातच चालेल. सिमवाला कुठंही. सात-आठ हजारांचा फरक आहे."

"मग वायफायचा. ती कुठं जाणार हाय? घरातच तर असती."

गुरु म्हणाला, "एकदा तिला विचारा की."

हत्तुरे नुसतेच हसले. वापरणाऱ्याला कधी विचारायचं नसतं, हा भांडार शाखेतला पहिला धडा. विचारलं की मागणी वाढते. वापरणाऱ्याची पाहणी करायची असते.

सोमवारी सकाळी त्यांनी जुन्या ट्रंकेतून एक कोरी फाईल काढली, नाडी बांधली आणि वर लिहिलं, 'विषय : टॅब खरेदीबाबत'. टॅब गुरु परस्पर मागवणार होता, तरी हत्तुरे तीन दुकानांत जाऊन दर लिहून घेऊन आले. तिसऱ्या दुकानातला बसू नावाचा विक्रेता म्हणाला, "काका, सिमवालाच घ्या की. लाईट गेली की वायफाय बी जातंय." हत्तुऱ्यांनी तेही लिहून घेतलं आणि शेजारी शेरा मारला, 'विक्रेत्याचे मत, विचारात घेऊ नये'.

दुपारी घराची पाहणी झाली. हातात फोन धरून ते खोलीखोलीत उभे राहिले आणि वायफायच्या किती रेघा येतात ते टिपत गेले. स्वयंपाकघर, तीन. मागचा धुण्याचा दगड, एक. फाटक, शून्य. तक्त्यात शेवटचा रकाना होता 'अडथळा असल्यास नोंद'. त्यात त्यांनी लिहिलं, 'लोखंडी कपाट' आणि 'न्हाणीघराची भिंत'. शिवम्मा शेंगा निवडता निवडता हे बघत होत्या. नवरा न्हाणीघराच्या दारात हात उंचावून उभा, एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी काही विचारलं नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात कुठलं विचारायचं आणि कुठलं नाही हे त्यांना चांगलं कळत होतं.

आता उरली वापरणाऱ्याची पाहणी. शिवम्मा दिवसभर कुठे असतात, याची त्यांनी वही सुरू केली. आणि इथूनच गाडी रुळावरून घसरली.

एरवी पाच ते सहा ही हत्तुऱ्यांची वर्तमानपत्राची कात्रणं डकवायची वेळ. त्या वेळात छप्पर उडालं तरी त्यांना समजलं नसतं. पण सोमवारी त्यांनी डिंकाची बाटली बंद ठेवली, तेव्हा दिसलं की पाच वीसला शिवम्मा चप्पल घालून बाहेर पडल्या. "कोथिंबीर आणते." सव्वासहाला आल्या. मंगळवारी पाच वीसला देवळात. बुधवारी पाच वीसला पुन्हा कोथिंबीर. हत्तुऱ्यांनी फ्रीज उघडून पाहिला. आत कोथिंबिरीच्या दोन जुड्या होत्या आणि दोन्ही ताज्या होत्या. त्यांनी वहीत लिहिलं, 'साठा पुरेसा असताना खरेदी', आणि खाली दोनदा रेघ मारली.

गुरुवार पाण्याचा दिवस होता. ज्याच्याकडे पाचव्या दिवशी नळाला पाणी येतं त्याला सांगायला नको की त्या दिवशी घरातलं माणूस हलत नाही. लग्न असलं तर अक्षतांपुरतं जाऊन येतात. पाणी सव्वापाचला आलं. शिवम्मांनी पाईप टाकीत सोडला आणि पाच वीसला म्हणाल्या, "तेवढं पाणी बघा ओ. टाकी भरली की कॉक बंद करा. मी आलेच."

"आज? पाण्याच्या दिवशी?"

"आलेच म्हणते की."

गेल्या. हत्तुरे अंगणात पाईपाकडे बघत राहिले. पाणी सोडून बायको जाते, म्हणजे जिथे जाते ते पाण्याहून मोठं आहे. तिला काही आजार तर नाही? डॉक्टरकडे जात असेल आणि आपल्याला सांगत नसेल? माणसाला कळत नाही असं नाही, पण कळायला त्याला आधी बघावं लागतं, आणि तीन वर्षं ते कात्रणं डकवत बसले होते. त्यांनी वही उचलली, चपला घातल्या आणि निघाले. कॉक तसाच राहिला.

कोपऱ्यावर रेवणप्पाचं किराणा दुकान. शिवम्मा पुढे, वीस पावलं मागे विजेच्या खांबाआडून खांबाआड जाणारे हत्तुरे, असं दृश्य रेवणप्पानं गल्ल्यावरून पाहिलं.

"काय सर, वहिनींच्या मागं मागं? बरं हाय न्हवं घरात?"

"पाहणी चाललीय," हत्तुरे हळूच म्हणाले.

"वहिनींची?"

"हळू बोल की."

रेवणप्पा माणूस दिलाचा चांगला. सरांचं डोकं तापलंय, काही बरंवाईट करून बसतील, अशा काळजीनं त्यानं दुकान तसंच टाकलं आणि तोही वीस पावलं मागून निघाला.

शिवम्मा पाण्याच्या टाकीजवळच्या बागेत शिरल्या. कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या, पदरानं चष्मा पुसला, पिशवीतून फोन काढून डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरला. हत्तुरे मागच्या नीलगिरीआड उभे राहिले. त्यांच्या मागच्या नीलगिरीआड रेवणप्पा.

"अज्जी!" फोनमधून आवाज आला.

भार्गवीचा. गुरुवारी. तिकडे सकाळचे आठ वाजले होते, आणि पोरगी शाळेत जायच्या आधी खायला बसली होती. हत्तुऱ्यांना वाटत होतं नात रविवारची असते.

"घे घास. हां. मग त्या म्हशीनं काय केलं, ठाव हाय का? तळ्यात जाऊन बसली. राजा म्हणला, बाहेर ये. म्हैस म्हणली, ओल्ले." नाही म्हणायचं ते शिवम्मांनी कानडीत, म्हशीच्या आवाजात म्हटलं. पलीकडे खिदळणं. "आता तोंड उघड बघू. अगं जवळ ये, मला दिसंना झालंय. गिळलास का गालात ठेवलास?"

"गिळला."

"खोटं बोलायलीस. थांब, आता मोठी पाटी येणार हाय मला, मग गालातलं बी दिसतंय बघ."

हत्तुरे झाडाआड उभे राहून हसले. बायको म्हशीचा आवाज काढते हे त्यांना छत्तीस वर्षांत माहीत नव्हतं. आणि पाहता पाहता ते ऐकत राहिले, वही बगलेत, एक हात झाडावर. मग भार्गवीनं विचारलं, "अज्जा कुठंयत?"

"घरात हाईत. पाणी भरायलेत."

"त्यांना नको सांगू हां आपण रोज बोलतो ते. ते पाढे विचारतात."

शिवम्मा म्हणाल्या, "विचारतात गं. त्यांना तसंच बोलता येतंय. लई जीव हाय त्यांचा तुझ्यावर. तुझा फोटो त्यांनी कात्रणांच्या वहीत पहिल्या पानावर डकवलाय. पण बोलायला गेले की पाढाच येतो तोंडात, काय करणार?"

आयुष्यात हत्तुऱ्यांविरुद्ध एकच आक्षेप निघाला होता आणि तो असा बागेत, एका सहा वर्षांच्या पोरीनं काढला होता. वाईट याचं वाटलं की तो खोडता येत नव्हता.

इतक्यात बागेच्या फाटकाकडून शेजारची पिंकी ओरडत आली, "हत्तुरे काका, तुमची टाकी वाहायलीय! पाणी पार रेवणप्पाच्या दुकानात गेलंय!"

"आँ?" असं मागच्या झाडाआडून रेवणप्पा म्हणाला आणि धावत सुटला. शिवम्मांनी वळून पाहिलं. एका झाडामागून वाणी पळतोय, दुसऱ्यामागे नवरा वही घेऊन उभा आहे.

"अज्जी, कोण ओरडतंय?"

"कोण न्हाई बाळ. पाणी आलंय," शिवम्मा म्हणाल्या. "शेवटचा घास घे, आणि शाळेत जा."

दोघं घरी चालत आले. गल्लीतून पाचव्या दिवसाचं पाणी वाहत होतं, बायका दारात उभ्या राहून हत्तुऱ्यांकडे बघत होत्या, आणि रेवणप्पा साखरेचं पोतं ओढून फळीवर घेत होता. हत्तुऱ्यांनी जाऊन मुकाट्यानं दुसरी बाजू धरली.

शनिवारी दुपारी त्यांनी फाईल उघडली. आता निर्णय त्यांच्या हातात होता आणि त्यांना तो फार जड झाला. वायफायचा टॅब घेतला तर शिवम्माला घरात बसूनच बोलावं लागेल. रोज साडेपाचला भार्गवी आपल्या घरात येईल. तिचं खिदळणं, ती म्हैस, सगळं. आपल्याला ते रोज हवं आहे, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं. पण आपण शेजारी बसलो की पाढा येणार, आणि पाढा आला की पोरगी टेबलाखाली जाणार. मग शिवम्मा मोठ्या पाटीवर रिकामी खुर्ची बघत बसेल.

त्यांनी वायफायचा तक्ता पुढे ओढला. 'अडथळा असल्यास नोंद'. लोखंडी कपाट. न्हाणीघराची भिंत. त्याखाली त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'राजशेखर हत्तुरे'. आणि शेवटच्या पानावर शिफारस केली, 'सिमवालाच घ्यावा'. तसं गुरुला कळवलं. रविवारच्या बैठकीत त्यांनी हवामान विचारलं नाही. फोन आधी शिवम्मांकडे दिला आणि पाणी प्यायला आत गेले.

बुधवारी टॅब आला. पाच वीसला शिवम्मा तो पिशवीत घालून बागेत गेल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो स्वयंपाकघरात शेंगांच्या डब्याला टेकवून उभा केला.

"बागेत न्हाई जाणार?" हत्तुऱ्यांनी विचारलं.

"ते ताटाएवढं धरून हात भरून येतोय ओ. आन् उजेडात काय बी दिसत न्हाई त्यात."

हत्तुऱ्यांनी घड्याळ पाहिलं. पाच पंचवीस झाले होते. त्यांनी डिंकाची बाटली बंद केली आणि चपला घातल्या. "कोथिंबीर आणतो," म्हणाले.

तेव्हापासून रोज पाच पंचवीसला हत्तुरे बागेतल्या कोपऱ्यातल्या बाकावर बसू लागले. पहिल्या दिवशी रेवणप्पानं हाक मारून विचारलं, "सर, आज वहिनी न्हाईत पुढं. कुणाची पाहणी?" त्यांनी नुसता हात हलवला. तासभर बसायचे, म्हशीची गोष्ट मनातल्या मनात जुळवून बघायचे, आणि येताना एक जुडी आणायचे.

दहा-बारा दिवसांनी बाकावर बसले असताना त्यांचा फोन वाजला. भार्गवी होती.

"अज्जा, अज्जी म्हणते गोष्ट संपली. दोन घास राहिलेत. तुम्हाला येते का एखादी?"

बाराचा पाढा थेट हत्तुऱ्यांच्या जिभेवर आला. तो त्यांनी गिळला.

"एक राजा होता," ते म्हणाले. "त्याला बारा खुर्च्या पाहिजे होत्या."

"मग?"

"मग त्यानं तीन दुकानांत भाव विचारला."

"मग?"

खुर्च्यांना चार वर्षं लागली. दोन घासांना तेवढी लागली नाहीत. पण दुसऱ्या दिवशी भार्गवीनं फोन करून विचारलं की खुर्च्या आल्या का.

आता हत्तुरे साडेपाचला घरीच असतात, टॅबसमोर एका अंगाला शिवम्मा आणि दुसऱ्या अंगाला ते. सवयीनं रोजची जुडी मात्र सकाळीच आणून ठेवतात. परवा तीन महिन्यांचा आढावा घ्यावा म्हणून त्यांनी फाईल काढली. सिम घातल्यापासून टॅब दोन दिवस घराबाहेर गेला होता, नंतर एकदाही नाही. 'सिमचा वापर' या रकान्यात त्यांना लिहावं लागलं, 'पहिले दोन दिवस वगळता निरंक'. एकतीस अधिक तीन वर्षांतली पहिली अनावश्यक खरेदी, आणि तीही त्यांच्याच शिफारशीनं.

शिवम्मांनी खांद्यावरून वाचलं. "म्हणजे वायाच गेलं की ओ ते सिम."

"जाऊ दे की," असं हत्तुरे आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, आणि फ्रीजमध्ये साठलेल्या सात जुड्या निवडायला बसले.