खिडकी लावून घेणारे नाना

सकाळी माझे दात घासून व्हायच्या आत शेजारचे नाना दारात उभे. हातात मांजरपाटाचा फडका. हा फडका ओला करून संध्याकाळी अंगणातल्या तारेवर टाकायचा आणि सकाळी करडा झालेला माझ्या नाकासमोर धरायचा, हा त्यांचा रोजचा नेम.

"बघा बाई, एका रात्रीत एवढं. आता छातीचा विचार करा."

चहाच्या आधी छातीचा विचार कोण करतं हो? पण नाना करायला लावतात.

आमची वसाहत येरमाळ्याच्या स्टँडमागं. एका अंगाला हायवे, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि डोंगराच्या कुशीत एक खडी क्रशर, दिवसभर घरघरणारा. नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाड्यांची घोषणा करण्यात जन्म गेला, त्यामुळं रिटायर झाल्यावर धुळीची करायला लागले. गच्चीवर उभं राहून ओरडायचे, "लक्ष द्या! वारं डोंगराकडून सुटलंय. लेकरं आत घ्या, वाळवणं झाका!" पहिल्यांदा मी हसले. दुसऱ्यांदा मुकाट्यानं पापड आत घेतले.

त्यांचं शास्त्रही स्टँडवरचंच. "बाई, डोळ्याला दिसती ती धूळ भोळी. शिंकलं की उतरून जाती. दिसत न्हाय ती लई बेरकी. ती मुक्कामी गाडी. छातीत शिरली की हलत न्हाय, तिथनं रक्तात उतरती." हे ते इतक्या शांतपणे सांगायचे की अंगावर काटा यायचा. माझी मुलगी अन्वी सहा वर्षांची. ती झोपेत खोकली की मी उठून बसायला लागले. आधी मला फक्त तिच्या अभ्यासाची काळजी होती. नानांच्या कृपेनं आता श्वासाचीही लागली.

एका लग्नात वरात दारात आली आणि कुणीतरी फटाक्यांची लड पेटवली. नानांनी बायकांच्या हातातली भरली कळशी घेऊन तिच्यावर ओतली. नवरदेवाचा मामा अजून त्यांच्याशी बोलत नाही. नाना म्हणाले, "न बोलू दे. तोंड बंद ठेवलं तर त्याच्याच फायद्याचं हाय."

घर तर त्यांनी दोन वर्षांपूर्वीच डबा करून टाकलं होतं. खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. सगळ्यात पक्का बंदोबस्त स्वयंपाकघराचा, कारण ती खिडकी नेमकी क्रशरकडं. तिला आतून प्लास्टिक, त्यावर पोतं, त्यावर पट्ट्या. "तुमच्या काकूंना जपतोय," म्हणायचे.

काकू म्हणजे त्यांच्या मंडळी. हडकुळ्या, हसऱ्या, बोलताना मधेच थांबणाऱ्या. वर्षभरापासून तीन पायऱ्या चढल्या की उंबऱ्यावर टेकायच्या. "वय झालं गं," म्हणायच्या. नाना डोंगराकडं बोट दाखवायचे. तक्रारअर्ज लिहायचे, माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घ्यायचे. पाच-सहा अर्ज तरी मीच तपासले असतील.

मग सोयाबीनची रास आली. शेजारच्या रानात मळणी यंत्र लागलं आणि भुसकटाचा लोट घरांवर आला. भर दुपारी नाना माझ्या दारात आले. फडका नव्हता, पायात चप्पलही नव्हती.

"बाई, चला. ती श्वास घेतीय, पण आत जाईना."

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ जांभळे, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज. त्या माझ्याकडं बघत होत्या आणि मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. मी एवढी कधी घाबरले नव्हते. गाडीत धाराशिवपर्यंत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. पुढं बसलेले नाना एकदाही मागं वळले नाहीत. वळायची हिंमत नव्हती त्यांची.

दवाखान्यात ऑक्सिजन लागला, वाफ दिली, तेव्हा कुठं दुसऱ्या दिवशी काकूंना बोलता आलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "विडी? मिश्री?"

"न्हाय बाई," काकू म्हणाल्या.

नाना पुढं सरकले. क्रशर, हायवे, भुसकट, सगळा पाढा वाचला. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. "ते वाईटच आहे काका. भुसकटानं झटका आला. पण फुफ्फुसं एका दिवसात अशी होत नाहीत. मावशी, स्वयंपाक कशावर करता?"

काकूंच्या चेहऱ्यावर एकदम अभिमान आला. "गॅस हाय की घरात. पण भाकरी चुलीवरच. तुराट्या घालते. ह्यांना गॅसवरची चालत न्हाय. पापड म्हणतेत तिला. चाळीस वर्षं झाली, एक दिस चुकवली न्हाय."

"आणि खिडकी?"

"ती ह्यांनी लावून घेतलीय. धूळ येती न्हवं."

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. म्हणाल्या, "गेलेलं परत येत नाही. पण राहिलंय ते जपा. चुलीपुढं आता एक दिवसही नाही." मी नानांकडं बघितलं नाही. बघवलं नसतं.

घरी आल्यावर नानांचा फडका बंद झाला. गच्चीवरची घोषणा बंद. खरं सांगते, रोज वैताग आणणारा माणूस दारात येईना, तर मीच दाराकडं बघत दात घासायला लागले. चौथ्या दिवशी जेवणाच्या वेळी मीच डब्यात आमटी घेऊन गेले.

स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती. चुलीच्या जागी ओली माती सारवलेली. नाना गॅसपुढं उभे, कोपरापर्यंत पीठ. परातीत एक भाकरी चिरफाळलेली, तव्यावर दुसरी करपत होती. खिडकीतून डोंगरावरची धूळ येत होती आणि ते दर मिनिटाला परातीवर ताट झाकत होते.

"उघडली तर तो डोंगर आत येतोय," ते हळू आवाजात म्हणाले, "लावली तर मी तिला कोंडतोय. बाई, मी दोन वर्षं तिला धुरात कोंडली. माझ्या ह्या हातांनी. पट्ट्या मारून."

मी डबा ओट्यावर ठेवला. तेवढ्यात आतल्या खोलीत काकूंना खोकला आला. नानांचा हात पिठात होता तसाच थांबला. खोकला लांबला. नंतर एक श्वास ऐकू आला, मग दुसरा. तेव्हा कुठं हात हलला.

"अहो," आतून काकूंचा बारीक आवाज, "मला उठू द्या की. तीन दगड मांडून... एक भाकरी टाकते. तुमचं पोट... भरत नसंल."

नानांनी करपलेली भाकरी उचलली, मोठा तुकडा मोडला, तोंडात कोंबला. चव चेहऱ्यावर दिसत होती. तरी आतपर्यंत जावं म्हणून स्टँडवरचा आवाज काढून म्हणाले, "काय गरज न्हाय! गॅसवरची लई गोड लागती. चुलीपेक्षा चांगली. मला पहिल्यापासनं हीच आवडती!"

आत खाट करकरली.

"मग हो," श्वास घेत घेत काकू म्हणाल्या, "आधी का न्हाय सांगितलंत?"

नानांच्या तोंडात घास तसाच होता. तो त्यांना गिळता येत नव्हता आणि टाकताही येत नव्हता.