यशोदाबाईंची बोलती परीक्षा

यशोदाबाई आपण काय करतोय ते स्वतःच जाहीर करत असतात. "आता चप्पल काढली. आता हात धुतले. आता डब्याचं झाकण उघडलं." एकदा बसमध्ये कंडक्टरलाही त्यांनी ऐकवलं, "आता तिकीट घेतलं, आता पिशवी मांडीवर ठेवली." त्याने हात जोडले आणि पुढे सरकला.

हे खूळ परीक्षेने लावलं. भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या एका खासगी दवाखान्यात त्या नर्सिंग असिस्टंट, मी तिथेच सिस्टर. प्रथमोपचार, वृद्धांची शुश्रूषा, अशी कितीतरी प्रमाणपत्रं बाईंनी मिळवलीत. पण अतिदक्षता विभागासाठीच्या वरच्या कोर्सचं प्रात्यक्षिक आडवं आलं. तिथे प्रत्येक कृती तोंडाने सांगत करायची असते, आणि बाई मुकाट्याने काम उरकून मोकळ्या. दोनदा नापास झाल्या. "आता सवयच लावून घेतो," म्हणाल्या, आणि तेव्हापासून आमच्या कानांना सुटी नाही.

थट्टा आम्ही खूप केली, पण प्रकरण गंभीर होतं. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, या खेपेला प्रमाणपत्र आलं नाही तर वॉर्ड सुटेल, चादरी धुण्याच्या खोलीत जावं लागेल.

"तिथं मशीन रायते, सिस्टर. मानूस नाही रायत," बाई म्हणाल्या.

परीक्षा भंडाऱ्याला. रुग्णाचं सोंग घेणारं माणूस ज्याचं त्याने आणायचं, अशी तिथली पद्धत, त्यामुळे माझी वर्णी लागली. मी बेशुद्ध. डोळे मिटायचे, हलायचं नाही, अवाक्षर काढायचं नाही. माझ्यासारख्या बोलघेवडीला ही शिक्षाच होती.

"पेशंटची कूस बदला. करा सुरू," परीक्षक मॅडम म्हणाल्या.

काहीच ऐकू येईना. घराबाहेर, घरात, बसमध्ये बोलणाऱ्या बाईची ऐनवेळी वाचा बसली. पंखा घरघरत होता. मॅडमचं पेन टेबलावर टकटक करत होतं. हात धुतले म्हणा हो बाई, मी मनातल्या मनात विनवत होते.

"वेळ जातोय."

खाट थरथरायला लागली. बाईंनी तिचा कठडा घट्ट धरला असावा.

मग एकदाचा आवाज आला. "आता हात धुतले. आता पडदा ओढला. बाई, तुमाले डाव्या कुशीवर वळवून राहिलो, घाबरू नका. आता पाठीमागं उशी लावली..."

पुढे तो आवाज अडखळला नाही. संध्याकाळी निकाल लागला. बाई पास.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "आता तरी ही बडबड बंद करा. डोकं उठलंय आमचं."

त्या हसल्या नाहीत. "वार्डात करतो बंद. घरी नाही जमनार."

"काहून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"हे गेल्यापासून घरात आवाजच नव्हता, सिस्टर. परीक्षेच्या निमित्तानं माहा तरी आला. 'आता भात टाकला' म्हनलं, का वाटते कोनीतरी आयकून राहिलं."

इतके दिवस आपण हसत होतो ते कशाला, हे तेव्हा कळलं. बाईंचं गाव अड्याळ आलं, त्या उतरल्या. मला पुढे पवनीला घरी जायचं होतं, तरी मीही उतरले.

"तुमी कायले उतरल्या, सिस्टर?"

"भात दोघींचा टाका," मी म्हटलं, "आणि सांगत सांगत टाका."