तळ्याकाठचा कापूस

एका जंगलात, बाळांनो, आणि ही गोष्ट अगदी खरी आहे, गळ्याची शपथ, मी स्वतः त्या वडाखाली उभा होतो. म्हणजे बसलो होतो. खरं सांगायचं तर मी त्या जंगलात कधी गेलोच नाही, माझा साडू गेला होता. आणि तो कधी खोटं बोलत नाही. बोललाच तर फक्त बायकोशी.

(ज्यांचे केस पिकलेत त्या बाळांनीही पुढे सरकायला हरकत नाही.)

तर त्या जंगलात एक भला थोरला वड होता. वडावर बाजार भरायचा. विकणाऱ्याने आपल्या फांदीवर मालाचा नमुना टांगायचा. घेणाऱ्याने नमुना बघायचा, किंमत आगाऊ ठेवायची आणि गुपचूप घरी जाऊन वाट बघायची. माल मागाहून कासव घरपोच आणून द्यायचं. हो, कासव. ससा परवडत नव्हता.

वडाचा मालक एक म्हातारा वानर होता. तो काहीच विकत नसे. फांद्या भाड्याने देई आणि शेंड्यावर बसून केळी खाई. त्याचा नियम एकच. माल कुठून निघणार, हे प्रत्येकाने ओरडून सांगायचं.

पूर्वी सगळे खरं ओरडत. "सात डोंगरांपलीकडून येणार होऽऽ! कधी ते कासवाला ठाऊक!" गिऱ्हाईक म्हणे, "बरं, बघू." आणि चालू लागे.

मग एक दिवस धुंडिराज नावाचा कोल्हा ओरडला, "तळ्याकाठून! आज सांगा, उद्या दारात!"

तळं वडापासून हाकेच्या अंतरावर. दुपारपर्यंत धुंडिराजाचा नमुनासुद्धा खपला, फांदीवर नुसता दोरा उरला.

झालं. दुसऱ्या दिवसापासून जंगलातला सगळा माल तळ्याकाठून निघू लागला. समुद्रातले शंख तळ्याकाठून. वाळवंटातला खजूर तळ्याकाठून. अस्वलाने बर्फ टांगला, तोही तळ्याकाठचा.

तळ्यातला वयस्कर बेडूक बायकोला म्हणाला, "अगं, एवढा माल आपल्या दारातून जातो आणि मला काहीच दिसत नाही. मोतीबिंदू तर नाही ना झाला?"

तळ्याजवळच्या उंबराच्या ढोलीत सुलभा नावाची साळुंकी राहायची. तिची अंडी घालायची वेळ जवळ आली होती. ढोलीत अंथरायला तिला मऊ कापूस हवा होता.

नवरा म्हणाला, "आमच्या आईकडे नुसत्या काड्या होत्या. वाढलोच ना आम्ही?"

"म्हणूनच असे टोचरे झालात," सुलभा म्हणाली. वाऱ्याने ढोलीत आलेला कचरा तिने झाडून काढला आणि थेट धुंडिराजाची फांदी गाठली.

"धुंडिराजभाऊ, कापूस कुठला?"

"तळ्याकाठचा, ताई."

"मी तळ्याकाठीच राहते हो."

"मग काय, तुमच्या शेजारूनच येणार की! माल पोचण्याआधी घरी जाऊन दार उघडा."

सुलभाने किंमत ठेवली आणि घरी जाऊन वाट बघू लागली.

सकाळ झाली. कापूस नाही. संध्याकाळ झाली. कापूस नाही. ती परत वडावर गेली.

"निघालाय," धुंडिराज म्हणाला.

"कुठून?"

"तळ्याकाठून."

"तळं समोर दिसतंय, भाऊ. कापूस कुठे दिसत नाही."

"त्या काठावरून निघालाय, ताई."

सुलभा त्या काठावर गेली. तिथे बेडूक होता. तो काकुळतीला येऊन म्हणाला, "ताई, तुम्हाला वरून नीट दिसतं. तळ्याचा काठ हाच ना? हल्ली मला खात्री वाटेनाशी झालीय."

अंडी काही कुणाच्या मालाची वाट बघत नाहीत. ती आली. सुलभाने चोचीने आपल्या छातीची पिसं उपटली आणि अंड्यांखाली घातली. तेवढ्याने भागेना, तेव्हा तिच्या टोचऱ्या नवऱ्याने आपलीही पिसं काढून दिली. दोघं अर्धे बोडके होऊन अंड्यांवर बसले.

अंड्यांतून पिल्लं आली. उघडीवाघडी, थंडीने चिवचिवणारी. आणि मग दारात कासव आलं. पाठीवर पानांत गुंडाळलेला कापूस, पायांवर काळी धूळ.

"कुठून आलात, कासवदादा?"

कासवाला खोटं बोलता येत नसे. त्याला तेवढी घाईच नव्हती कशाची. "सात डोंगरांपलीकडून, ताई. तरसाच्या गोदामातून."

सुलभाने ते गाठोडं पिल्लांखाली अंथरलंही नाही. तसंच उचललं आणि गेली वाघाकडे. वाघ राजा होता, म्हणून न्यायाधीशही तोच.

"महाराज, हा कोल्हा तळ्याकाठचा म्हणून डोंगरापलीकडचा माल विकतो. माझी पिल्लं गारठून मरतील!"

वाघाने गाठोडं हुंगलं. दाबून पाहिलं. "हं. पुरावा." त्याने तो डोक्याखाली घेतला आणि आडवा झाला. "पुढे बोला. मी ऐकतोय."

कासवाने साक्ष दिली. धुंडिराजाचं शेपूट खाली गेलं. तरस त्या दिवशी वडाच्या बाजारात आलेला होताच, त्यालाही बोलावणं गेलं.

"कापूस तू पाठवलास?" वाघाने विचारलं.

"पाठवला महाराज. पण माझा नव्हे. आमच्याकडे नुसते दगड. मी कापूस इकडूनच मागवतो."

"इकडून म्हणजे?"

"या खारूताई पाठवतात," तरसाने गर्दीतल्या खारीकडे बोट दाखवलं.

इथून तिकडे जाऊन परत इकडे आलेला कापूस धुंडिराजाला स्वस्त कसा पडायचा, ते मला विचारू नका, बाळांनो. ते गणित हल्ली कुणालाच येत नाही.

खार पुढे आली. "हो महाराज. माझ्या सावरीच्या झाडावरचा कापूस. हे काय, यांच्या उंबराशेजारीच आहे."

"ती सावर?" सुलभा किंचाळली. "जिचा कचरा मी रोज ढोलीतून झाडून काढते?"

"कचरा काय म्हणतेस गं? तोच कापूस!"

"पानात बांधलेला नसतो तो! आणि नुसता वाऱ्याने येतो! मला काय कळणार?"

धुंडिराजाचं शेपूट हळूहळू वर येऊ लागलं.

"महाराज," तो म्हणाला, "एक शंका. ती सावर कुठे उभी आहे?"

वाघाने एक डोळा उघडून बाहेर पाहिलं. "तळ्याकाठी."

"मग मी खोटं काय बोललो?"

धुंडिराजालासुद्धा ते नुकतंच कळलं होतं, पण चेहऱ्यावर त्याने तसं दिसू दिलं नाही.

निकाल लागला. धुंडिराज निर्दोष. एवढंच नव्हे, जंगलात खरं बोलणारा तो एकटाच, म्हणून वानराने त्याला शेंड्याजवळची फांदी द्यावी. कासवाला तंबी मिळाली, कारण ते उगाच "लांबून आलो" म्हणत गिऱ्हाइकांना घाबरवतं. पुरावा परत मिळाला नाही. महाराजांना त्यावर गाढ झोप लागली होती.

सुलभा घरी आली. पिल्लं कुडकुडत होती. मागोमाग खार आली, दोन्ही हातांत मावेल तेवढा कापूस घेऊन.

"अगं, आधी सांगायचंस. ढीग पडलाय आमच्याकडे. घे, शेजारीच तर आहोत."

सर्वांत धाकट्या पिल्लाने मान वर केली. "आई, हा कुठचा?"

"खारमावशीच्या झाडावरचा."

"शी! तो कचरा. आम्हाला धुंडिराजकाकांकडचा हवा." आणि सगळी पिल्लं त्या विरळ पिसांवरच कुडकुडत बसली. त्यांचे पाय निळे पडू लागले होते.

सुलभाने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने खारीकडे पाहिलं. मग सुलभा बाहेर गेली, तिने तोच कापूस पानांत नीट गुंडाळला, पानांना थोडी काळी माती फासली, आणि आवाज जड करून दाराशी ओरडली, "पार्सल! सात डोंगरांपलीकडून!"

पिल्लं त्या कापसावर तुटून पडली. "आहाहा!" धाकटं म्हणालं. "आपल्याकडे असा होतच नाही." आणि ऊब लागताच ती सगळी झोपून गेली.

तात्पर्य: खोटं बोलायला हरकत नाही, पण त्यात आळस करू नये. खोट्याला पुरेसं लांब फिरवून आणलं की ते खरं होऊन दारात येतं. आणि पोरांना खरोखर ऊब द्यायची असेल, तर ती शेजारून आली हे त्यांना कळू देऊ नये.

आता एक कबुली देऊन टाकतो. या गोष्टीत एक भाग मी माझ्या पदरचा घातला आहे. बोलणारं कासव खरं, झोपणारा न्यायाधीशही खरा. शेजारणीने कापूस फुकट दिला, तेवढं मात्र मी रचलं.