डावी बाजू, उजवी दाढ

"हात कुणाचा आहे, बघ तरी!" असं म्हणून दातांच्या डॉक्टरांनी करवत उजेडात धरली आणि त्यांची बायको दोन पावलं मागे सरकली.

दुपारी डॉक्टरांच्या सासूबाई यायच्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डोळ्यांवर ऊन पडू द्यायचं नाही अशी सक्त ताकीद. आणि पाहुण्यांच्या खोलीतली खिडकी अशी, की दुपार कलली की सूर्य थेट उशीवर येऊन आडवा व्हायचा! म्हणून डॉक्टरांनी तयार ब्लाइंड आणलं होतं. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं, दोरी ओढली की वर जाणारं. फक्त ते चौकटीपेक्षा चार बोटं रुंद निघालं.

"दुकानदार कापून देतो म्हणत होता ना?"

"तो काय कापणार? मी रोज ओल्या, अंधाऱ्या, ओरडणाऱ्या तोंडात कामं करतो. हे प्लॅस्टिक तर बिचारं हूं की चूं करत नाही!"

"सोबतच्या कागदावर लिहिलंय, दोन्ही बाजूंनी सारखं कापा."

"ते घाबरटांसाठी! मी सगळं डावीकडूनच उडवतो."

आणि खरं सांगायचं तर त्यांनी ते झकास उडवलं. ब्लाइंड मिटून टेबलावर आवळून बांधलं, करवत चालवली, वरचा दांडाही कापला. पट्ट्यांच्या कडा अशा गुळगुळीत, की गालावर फिरवाव्यात! बायको बघतच राहिली.

"सोपं आहे हो. मलाही जमेल की!"

"का नाही? शेवटी कुणाच्या हाताखाली शिकलीस!"

एवढ्यात फोन वाजला. डॉक्टर गॅलरीत गेले. दवाखान्यातली मदतनीस बोलत होती, "डॉक्टर, उद्याचे पेशंट आलेत. विचारतायत, डावी दाढ तर गेली, आता उजवीही काढायची का?"

नेमक्या त्याच वेळी आतून बायकोने विचारलं, "अहो, उजवीकडूनही काढायचं का?"

डॉक्टरांच्या कानाला फोन. आतलं काही ऐकूच आलं नाही.

"हो तर!" ते फोनवर गरजले. "उजवी काढायचीच आहे!"

"डावीइतकंच?" आतून आवाज.

"डावीसारखाच त्रास होईल का, म्हणतायत," फोनमधून आवाज.

"अगदी डावीसारखंच! त्यात घाबरायचं काय? मन घट्ट करायचं नि मोकळं व्हायचं!"

बायकोने मन घट्ट केलं. करवत उचलली. मोकळी झाली.

डॉक्टर आत आले तेव्हा ती घाम पुसत उभी होती, चेहरा असा जणू शर्यत जिंकून आलीय. "घ्या! अगदी डावीसारखंच!"

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले.

"कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच! गॅलरीतून ओरडलात ना, अख्ख्या इमारतीने ऐकलं!"

"अगं, ती दाढ होती!"

"मला काय माहीत दाढ? माझ्यासमोर तर पडदा होता!"

क्षणभर डॉक्टरांचा चेहरा दुखऱ्या दाढेच्या पेशंटसारखा झाला. पण क्षणभरच! "घाबरू नकोस. तुटलेला दात आम्ही जागच्या जागी बसवतो. पट्टी ती काय चीज!"

मग जमिनीवरचे तुकडे गोळा झाले. एकेक तुकडा चिमट्याने धरायचा, डिंक लावायचा, फुंकर मारायची. डॉक्टर आपले सवयीने "आऽ करा" म्हणतील की काय, इतकं ते काम दवाखान्यासारखं चाललं होतं! ब्लाइंड चौकटीत चढलं आणि दारावरची बेल वाजली.

काळा चष्मा लावलेल्या सासूबाई लेकीच्या हाताला धरून खोलीत आल्या.

"या आई! बघा, तुमच्यासाठी खास अंधार केलाय!" डॉक्टरांनी ऐटीत दोरी सोडली.

ब्लाइंड खाली आलं. टक्! एक तुकडा पडला. टक्! दुसरा. मग टकटकटक करत सगळेच गळाले. उरलेलं ब्लाइंड एका बाजूला लुळं पडलं आणि उजवीकडे उघड्या पडलेल्या फटीतून सूर्य थेट उशीवर आला!

बायकोने खिडकीबाहेर बघितलं. डॉक्टरांनी करवतीकडे बघितलं.

सासूबाईंनी पलंगाजवळ जाऊन हाताने चाचपलं, ऊन कुठे लागतंय ते पाहिलं. मग शांतपणे उशी उचलली, पायथ्याशी ठेवली आणि आडव्या झाल्या. ऊन आता त्यांच्या तळपायांवर होतं.

"छान शेक मिळतोय," त्या म्हणाल्या. "हे आधीच का नाही केलंत, जावईबापू?"

"मीही तेच सुचवणार होतो, आई," डॉक्टर छाती पुढे काढून म्हणाले. "म्हटलं, आधी पडदा कापून होऊ दे!"